फडकंवालीला पडलेली मतं

ती कुठे राहायची हे भाऊंना कधी कळलं नाही. घरी कोण असतं, दुखलंखुपलं तर पाणी कोण देतं, यातलं काही त्यांनी कधी विचारलंच नाही. ती अचानक यायची बंद झाली तेव्हा मुकादमाने सगळ्यांत आधी त्यांनाच गाठलं. "भाऊ, तुम्ही तर रोज तिच्या समोर उभे असायचात. पत्ता सांगा." पत्ता सोडा, तिचं माहेर कुठलं हेही त्यांना सांगता आलं नसतं.

समोर उभे असायचे हे मात्र खरं. त्या धुलाई कारखान्यात हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी यायच्या. मोठ्या रुळांच्या इस्त्रीतून चादर गरमागरम बाहेर आली की दोन कोपरे भाऊंच्या हातात, दोन तिच्या. ताणायची, झटकायची, पुढे येऊन कोपरे एकमेकांना द्यायचे आणि पुन्हा मागे सरायचं. अशी किती वर्षं गेली याचा हिशेब दोघांनीही ठेवला नाही. चादरीच्या पलीकडून माणूस जितका दिसतो, तितकी ती त्यांना ठाऊक होती. म्हणजे हात आणि तोंड. त्यातही तोंडच जास्त.

त्या तोंडाबद्दल मात्र कारखान्यात कोणीही सांगितलं असतं. घडीच्या खोलीत भिंतीवर एक टीव्ही होता आणि जेवणाच्या सुट्टीत त्यावर आदल्या रात्रीच्या मालिका पुन्हा लागायच्या. डबे उघडायचे तशी तोंडंही उघडायची. एकाच घरातल्या दोन जावा तिथे कामाला होत्या. त्यांना सगळे थोरली आणि धाकटी म्हणत. त्या दोघींचं घरी म्हणे एका शब्दावर जमत नसे, पण मालिकेतल्या सासूला शिव्या घालायला दोघी एक व्हायच्या.

"हिला ना, उलटी टांगली पाहिजे."

"उलटी टांगून काय होणार? तोंड तर खालीच राहणार. ते आधी शिवा."

असा सगळ्यांचा गलका झाला की माना तिच्याकडे वळायच्या. तिला सगळे मावशी म्हणत आणि पाठीमागे न्यायाधीशबाई. ती आधी घास संपवायची, मग पाणी प्यायची, मग निकाल द्यायची. "सासू वाईट आहे हे शेंबडं पोरही सांगेल. मला राग नवऱ्याचा येतो. सगळं ऐकतोय आणि भिंतीवरच्या पालीसारखा गप्प. दोषी नवरा." निकाल लागला की वाद बंद. आणि शिक्षाही ठरलेली. त्या दिवशी जी चादर सगळ्यांत डागाळलेली निघेल, तिला त्या पात्राचं नाव पडायचं. घडीवाल्यांनी ती बाजूला काढायची आणि खिडकीतून धुलाईकडे भिरकवायची. "घ्या हो नवरोबा! दोनदा उकळा!" पलीकडून धुलाईवाले ओरडायचे, "आला, आला! नीळ टाकू का?"

भाऊ टीव्हीकडे पाठ करून जेवायचे. त्यांना ती पात्रं एकमेकांत मिसळून जायची. पण निकाल मात्र ते कान देऊन ऐकायचे, आणि मनातल्या मनात बहुतेक वेळा तिचंच बरोबर असायचं.

मग तो नवीन कार्यक्रम आला. डझनभर माणसं एका घरात कोंडायची, बाहेरून कुलूप, कोपऱ्याकोपऱ्यात कॅमेरे. ना फोन, ना भेट. दर आठवड्याला बघणाऱ्यांनी फोनवरून मतं द्यायची. ज्याला मतं कमी, तो बाहेर. खोलीला तर पर्वणीच मिळाली. आत गेलेल्या प्रत्येकाचं बारसं झालं. एक पैलवान, एक रडूबाई, एक घोरणारा. आणि एक हडकुळी मुलगी होती, जी सारखी काहीतरी पुसत असायची. ओटा, टेबल, खिडकीची कड. इतर भांडत असले तरी ही आपली पुसतेय. तिचं नाव पडलं फडकंवाली.

"कॅमेरा आला की हिचं फडकं निघतं बघ," धाकटी म्हणाली. "सहानुभूती पाहिजे बाईला."

"घरी आईला कधी एक कपबशी विसळून दिली नसेल," थोरलीने भर घातली. "मावशी, निकाल!"

मावशी डब्याचं झाकण लावत होती. "राखून ठेवलाय."

"म्हणजे?"

"घसा बसलाय माझा."

दुसऱ्या दिवशीही राखून ठेवला, तिसऱ्या दिवशीही. मग जावांनी निकाल हातात घेतला आणि एका मळकट चादरीला फडकंवालीचं नाव देऊन ती मावशीच्या अंगावर टाकली. "फेका मावशी, दोनदा उकळायला सांगा!" मावशीने ती झेलली. पण खिडकीतून टाकायच्या ऐवजी तिने तिचे कोपरे शोधले आणि दोन भाऊंपुढे धरले. सवयीने भाऊंनी ते घेतले. घडी अर्धी झाल्यावर ते हळूच म्हणाले, "ताई, डाग आहे हिच्यावर."

"असू दे," ती म्हणाली. एवढ्या वर्षांत डाग तिने पहिल्यांदाच असू दिला होता.

काय झालंय ते भाऊंना कळलं वाळवणखोलीच्या मागे. तिथे यंत्रांचा आवाज कमी पोचतो. भाऊ पाणी प्यायला गेले तर ती कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून फोनवर बोलत होती. त्या कार्यक्रमाच्या वाहिनीच्या कचेरीत लागला होता फोन. पलीकडच्या मुलीचा आवाज चांगला मोठा होता, त्यामुळे भाऊंना दोन्ही बाजू ऐकू आल्या.

"तुमचं मत आम्ही नोंदवून घेतलंय, आजी."

"मत नाही हो. तिला बाहेर काढा म्हणतेय. तिची तब्येत बरी नाही."

"हो, बऱ्याच प्रेक्षकांचं तसं मत आहे."

"अहो, मी प्रेक्षक नाही. मी आई आहे तिची."

पलीकडे ती मुलगी जरा हसली. वाईट हसली नाही, समजुतीने हसली. "आजी, रोज कितीतरी जणी असंच सांगतात. तुमच्या भावना आम्ही नक्की पोचवू हं. धन्यवाद."

मावशी वळली तर समोर भाऊ, हातात रिकामा पेला. भाऊंना पळता येईना आणि थांबवेना. शेवटी तीच बोलली.

"माझीच आहे ती. भांडून गेली होती. नाचाबिचाच्या नादाला लागू नको म्हटलं, तर म्हणाली, तू सगळ्यांना निकालच दे फक्त. त्यावर ती फोन करीना, मी करीना. मग एकदम इथे, भिंतीवर दिसली."

"ते पुसणं..." भाऊ म्हणाले.

"बाप गेला तेव्हा अशीच पुसत बसायची. तीच फरशी, तोच कोपरा. बोटांची सालटी निघाली तरी. जेवण नाही, झोप नाही. मला आधी वाटलं, पोरगी कामाला लागली. कौतुक केलं हो मी! डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा उजेड पडला."

"मग कशी थांबली?"

"मी शेजारी बसून राहिले. फडकं ओढलं नाही, काही नाही. नुसती बसले, दिवसच्या दिवस. मग हळूहळू हात थांबला." तिने फोन पदराच्या टोकाने पुसला. "आता कुठे बसू, भाऊ? टीव्हीच्या शेजारी?"

घरचा टीव्ही तिचा केव्हाच बंद पडला होता. पोरगी दिसायची ती याच खोलीत, याच माणसांच्या तोंडच्या मुक्ताफळांसकट.

"या आठवड्यात तिलाच मतं कमी आहेत असं त्या जावा म्हणत होत्या," भाऊ चाचरत म्हणाले. "निघेल बाहेर."

"तेवढीच आशा आहे. लोकांना आवडत नाही ती, हेच तिचं नशीब. शिव्या घालतात ना, घालू देत. जितकी वाईट दिसेल तितकी लवकर सुटेल."

आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत न्यायाधीशबाईंनी राखून ठेवलेला निकाल दिला. घास संपवला, पाणी प्यायली. "नाटकी आहे मुलगी. खोटारडी. अशीला एक मत देऊ नये कोणी. काढा तिला." खोलीने टाळ्या वाजवल्या. किती दिवसांनी मावशी रंगात आली म्हणून धाकटीने तिला आपल्या डब्यातलं वाढलं. भाऊंनी त्या दिवशी टीव्हीकडे पाठ केली नाही. ते मावशीकडे बघत होते. तिच्या हातातला घास हातातच होता.

एवढ्यावर गोष्ट सरळ गेली असती. पण त्याच आठवड्यात कार्यक्रमवाल्यांनी आतल्या प्रत्येकाला घरून आणलेला एकेक फोटो कॅमेऱ्यापुढे धरायला लावला. पैलवानाने आपलाच धरला. फडकंवालीने धरला त्यात एक बाई होती, वयाने कमी, केस काळे, पण भुवईवरचा व्रण मावशीचाच आणि हनुवटी वर करून बघायची तऱ्हाही तीच. मुलगी फोटोची कड पुसत राहिली.

थोरली उठली आणि तिने टीव्ही बंद केला. असं त्या खोलीत आधी कधी घडलं नव्हतं. मावशीने डबा बांधला, हात धुतले आणि सुट्टी संपायच्या आधीच जाऊन आपल्या जागेवर उभी राहिली.

त्यानंतर जावांच्या जिवाला जे लागलं ते लागलं. "अगं, पोटच्या पोरीला नाटकी म्हणाली ती," थोरली डोळे पुसत म्हणाली. "आपणच बोलून बोलून तिला बोलायला लावलं. लाजेपायी बोलली ग ती." मग काय करायचं ते त्यांनीच ठरवलं, आणि मावशीला पत्ता लागू द्यायचा नाही असंही ठरलं. घरोघर सांगितलं, धुलाईवाल्यांना सांगितलं. आणि कारखान्याचा रिवाज असा की प्रत्येक गाठोड्यावर कुठे जायचं त्याची चिठ्ठी लागते. त्या चिठ्ठ्यांवर जावांनी एक ओळ जास्तीची लिहिली, आमच्या मुलीला मत द्या म्हणून, आणि खाली मत द्यायचा फोन नंबर. गाठोडी गेली तिथे तिथे निरोप गेला. हॉटेलात खोल्या झाडणाऱ्यांनी मतं दिली, दवाखान्यातल्या आयांनी दिली, खाटेवरच्या पेशंटांनी आणि त्यांच्या उशाशी बसलेल्यांनी दिली. ऐकणारे पुढच्यांना सांगत गेले. भाऊंना सांगायचं कोणाला सुचलंच नाही. ते टीव्ही बघत नाहीत, त्यांना काय त्याचं?

निकालाच्या दिवशी जावांनी मावशीला हाताला धरून टीव्हीपुढे नेऊन बसवलं. बाकीच्यांना आदल्या रात्रीच सगळं कळलं होतं. कोणी कोणाकडे बघत नव्हतं, हसू फुटेल म्हणून. भाऊ मागे उभे होते. त्यांना वाटलं, सगळे गप्प आहेत म्हणजे मुलगी बाहेर पडलीय आणि हे तिला धीर देताहेत. त्यांनी मनातल्या मनात सुटकेचा श्वास सोडला.

पडद्यावर सूत्रधार म्हणाला, "आणि सर्वांत जास्त मतं मिळवून सुरक्षित आहे..." आणि खोली उसळली. धुलाईवाले खिडकीतून डोकावून शिट्ट्या मारू लागले. धाकटीने मावशीला मिठीच मारली. "आम्ही केलं, मावशी! सगळ्या गाठोड्यांवर लिहून पाठवलं! आता शेवटपर्यंत हलवत नाही कोणी तिला तिथनं!"

पडद्यावर मुलीला सगळे खांद्यावर उचलायला धावले होते. ती त्यांच्यातून निसटली आणि कोचाच्या हातावरून बोट फिरवू लागली. फडकं नव्हतं तर बाहीनेच.

"बघा, आनंदाने काही सुचेना पोरीला," थोरली म्हणाली आणि तिला रडू आलं.

भाऊंनी तोंड उघडलं. "अहो, पण तिला तर..." मावशीने मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. मग ती जावांकडे वळली आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. "फार केलंत ग माझ्यासाठी," ती म्हणाली. "कोण करतं परक्याच्या पोरीसाठी एवढं."

दुपारभर घड्या चालल्या. कोपरे देताना एकदा भाऊ म्हणाले, "मी सांगतो त्यांना. पुढच्या आठवड्याला तरी..."

"नका सांगू. आज मतं थांबली तर उद्या पुन्हा शिव्या सुरू होतील. नाहीतर पुन्हा माया. दोन्हीत ती लोकांच्या तोंडीच, शेजारी कोणी नाही." पुढचे कोपरे उचलत ती म्हणाली, "मी तरी इतकी वर्षं दुसरं काय केलं, भाऊ? लोकांच्या पोरींना बघितलं आणि बोलले."

पुढे काय झालं ते कोणालाच धड कळलं नाही. पुढच्या आठवड्यात सूत्रधाराने एका वाक्यात सांगितलं की ती मुलगी प्रकृतीच्या कारणाने कार्यक्रम सोडून गेली, आणि लगेच जाहिरात लागली. कुठे गेली, कोणाबरोबर गेली, दारात कोणी उभं होतं का, काही नाही. जावांचं मत पडलं की मावशीच जाऊन तिला घेऊन गेली असणार आणि आता दोघी मजेत असणार. धुलाईवाल्यांचं मत वेगळं होतं. भाऊंना कोणी विचारलं नाही आणि विचारलं असतं तरी त्यांना सांगता आलं नसतं. मावशीच्या जागी नवीन बाई आली. तिचे कोपरे जुळत नाहीत.

भाऊंनी तिला शेवटचं पाहिलं ते निकालाच्याच दिवशी संध्याकाळी. दिवसाची शेवटची चादर झाली तेव्हा मावशीने खुंटीवरची पिशवी घेतली. दारापर्यंत जाऊन ती मागे वळली.

"भाऊ, तुमचा चष्मा राहिलाय इस्त्रीवर. काच तापेल."

"अरे हो," भाऊ म्हणाले. "घेतो."

"घ्या," ती म्हणाली आणि गेली.