चूल बंदच होती

जयराम आणि त्याची बहीण देवकी यांचं भांडण बाईजानं कुडाआडून ऐकलं, तेव्हा ती त्या पाड्यात नवी सून होती. लग्नघरी कामाला आलेली, हातात हळदीच्या तांदळाचं सूप. बाहेर जावं तर भांडणाच्या मधोमध, आत राहावं तर चोरून ऐकल्यासारखं. ती आपली आतच राहिली.

"तुझ्या लग्नात मी करवली होते रे," देवकी म्हणत होती. "आन आता तुझ्या पोराच्या लग्नाला मला घरटी?"

"साऱ्या पाड्याला घरटीच सांगितलंय. तांदूळ कमी हाय औंदा. तुला वेगळं कसं सांगू?"

"मग मी पाड्यात मोडते का?"

ह्यावर जयरामानं आवाज चढवला. देवकी ओहोळ उतरून पल्याड आपल्या घरी गेली, आणि त्या लग्नाला तिच्या घरचं कुत्रंसुद्धा आलं नाही.

शेणव्याकडच्या त्या पाड्यात आवतण दोन तऱ्हेचं. घरटी म्हणजे घरातल्या एकानं जेवायला यायचं. चूलबंद म्हणजे त्या दिवशी त्या घरची चूल पेटवायचीच नाही. म्हातारं, तान्हं, आलेला पाहुणा, सगळ्यांनी यायचं. आवतण दारोदार पोचवायचं काम बाईजाच्या सासूकडे होतं. पुढे ते बाईजाकडे आलं, जसं सासूचं जातं आलं आणि सासूची गुडघेदुखी. सासूनं शिकवलं ते एवढंच, की तोंड आपलं, बोल दुसऱ्याचा. यजमान सांगेल तेच सांगायचं, पदरचं घालायचं नाही. आणि उंबऱ्यावर तांदूळ ठेवून बोल एकदा गेला, की तो माघारी घेता येत नाही.

पत्रिका छापून आल्या, मोबाइल आले, किन्हवलीच्या हॉलात लग्नं लागायला लागली. तरी बाईजा दारात येऊन गेल्याशिवाय पाड्यात कुणी जेवायला उठत नसे. जयरामाकडे कार्य निघालं की ती ओहोळ ओलांडून देवकीला घरटी सांगायची. देवकी "बरं" म्हणायची, आणि कुणी यायचं नाही. देवकीकडून जयरामाला जायचं तेही घरटीच. दोघांचे केस पिकले, दात गेले, हट्ट तेवढा शाबूत राहिला. आपले पाय चालताहेत तोवर एकदा, एकदाच त्या दारात चूलबंद सांगावं, ही बाईजाची आस. पण बोल तिचा नव्हता ना.

अशात एका वर्षी भात झोडून झाल्यावर मुंबईच्या एका हायस्कुलातली मुलं आली. आसनगावाहून जिपांत बसून, पाठीवर एवढाली गाठोडी, जणू घरदार मोडून निघालेली. त्यांच्या माधुरी मॅडमनी सांगितलं, मुलं घराघरांत राहतील, ओहोळावर गोणींचा बंधारा घालतील, आणि गावातल्या एकेकाच्या हाताखाली कामही शिकतील. कुणी गवंड्याकडे गेलं, कुणी अंगणवाडीत. नेहा नावाची चष्मेवाली पोर उरली, ती बाईजाच्या वाट्याला आली.

"आजी, तुमचं काम काय?"

"बोलवायचं."

"कुणाला?"

"ज्याला बोलवायचं असंल त्याला."

नेहानं जरा विचार केला. "म्हणजे तुम्ही मॅनेजर."

झालं, तेव्हापासून पाडा बाईजाला मॅनेजर म्हणायला लागला. पोर बाकी गोड. नाचणीची भाकर थापायला बसली, की पीठ परातीत कमी आणि कोपरापर्यंत जास्त. पण भांडी घासताना गाणं म्हणायची, आणि बाईजाच्या गुडघ्यांना तेल लावायला न सांगता बसायची.

बंधारा पुरा झाला, पाणी अडलं. बंधाऱ्याच्या वरचं शेत जयरामाचं. तो म्हणाला, पोरांनी काम केलंय, माझ्याकडून पाड्याला जेवण. "घरटी सांग," तो बाईजाला म्हणाला. "पल्याडसुद्धा."

बाईजा निघाली, संगं नेहा. दोन्ही आवतणं वाटेत समजावून दिली. दारोदार बाईजा तांदूळ ठेवायची, नेहा बोलायची. "जयरामआजोबांकडे जेवण आहे, घरटी." बोलणं पुस्तकातलं, पण चूक नाही.

देवकीच्या चढाला बाईजाचे गुडघे अडले. तांदळाची पुरचुंडी नेहाकडे देऊन ती आंब्याखाली टेकली. नेहा पुढं गेली, उंबऱ्यावर तांदूळ ठेवले. देवकीच्या सुनेनं गॅस घेतल्यापासून पडवीतली चूल थंड पडली होती, आणि राखेत कोंबडी अंड्यांवर बसलेली. पोर ते बघतच राहिली.

"जयरामआजोबांकडे जेवण आहे," ती म्हणाली, आणि पुढचं विसरून, "अय्या, चूल बंद."

देवकीच्या हातातलं सूप थांबलं. "काय म्हनलीस?"

"चूल बंद," नेहा म्हणाली, कोंबडीकडे बघत.

देवकी बाहेर आली. तिनं आंब्याखाली पाहिलं. "बाईजे, ही पोर काय सांगते?"

एका शब्दाचं काम होतं. घरटी. बाईजाच्या जिभेवर तो उभ्या जन्माचा बसलेला. पण देवकीचा चेहरा पाहिला आणि जीभ काही उचलेना.

"ऐकलंस ना," बाईजा म्हणाली, आणि उठून चालायला लागली.

जयरामासमोर मात्र तिनं काही लपवलं नाही. "पल्याड चूलबंद पोचलं."

"मी घरटी सांगितलेलं."

"हां."

"कुनी पोचवलं?"

"पोचवायचं काम माझं. बोलही माझाच धर."

जयराम तंबाखू मळत बसला. मळून मळून तिचा भुगा झाला. "माघारी घेता येत नाय," तो म्हणाला.

"नाय येत."

"तिला एकटीला चूलबंद केलं तर पाडा मला फाडून खाईल. जा, सगळ्यांना फिरून चूलबंद सांग."

"आन माझे गुडघे रे?"

"त्यांना पल्याडच इचारायचं होतं."

बाईजा पुन्हा सारा पाडा फिरली. एवढं हलकं ती लग्नाआधीही चालली नव्हती.

जेवणाला देवकी सगळ्यांच्या शेवटी आली. सून, नातवंडं, आंधळा नवरा खुर्चीत उचलून, आणि डोक्यावर तांदळाची पाटी.

"भात कमी पडला म्हनू नको," ती जयरामाला म्हणाली.

"तुला कधी पुरलाय?" जयराम म्हणाला, आणि पाटी स्वतः उतरून घेतली.

जिपा निघताना नेहा बाईजाच्या कानाशी आली. "आजी, त्या दिवशी मी काही चुकीचं बोलले का?"

"नाय गो. चूल बंदच होती."

कोंबडीची गोष्ट हळूहळू पाडाभर झाली. पुढच्या वैशाखात देवकीच्या नातवाची हळद निघाली. ते बाईजाचं शेवटचं आवतण ठरलं. पावसाळा लागायच्या आत ती गेली. पण तेव्हा हे कुणाला ठाऊक, तिला तरी कुठं. ओहोळ आटलेला, बंधाऱ्याच्या गोणी उन्हानं विरलेल्या. काठी टेकत ती जयरामाच्या दारात आली, नेहमीसारखी उंबऱ्याबाहेरच थांबली, वाकून तांदूळ ठेवले.

"देवकीकडं हळद हाय. चूलबंद."

"नीट ऐकलंस ना तू?" बाजेवरून जयरामानं विचारलं. "का हीबी कोंबडीच?"

"तोंड आपलं, बोल दुसऱ्याचा," बाईजा म्हणाली, पदराची गाठ आवळली आणि शेजारच्या दाराकडे वळली.