इंजिनाजवळची जागा

गिरणेवरचा पूल बंद झाला, तेव्हा मला आधी राग आला आणि मग काळजी वाटली. माझं घर नदीच्या अलीकडच्या गावात, आणि मी शिकवत होते ती मुलींची शाळा पलीकडे जळगावात. रोज सकाळच्या मोटारीने जायचं, दिवे लागायच्या आत परत यायचं, असा माझा क्रम होता. त्या पावसाळ्यात नदीला मोठा पूर आला आणि आश्विनाच्या शेवटी पाणी ओसरल्यावर मधल्या एका खांबाला तडा गेल्याचं दिसलं. पुलाच्या दोन्ही तोंडांना बांबू आडवे पडले. दुरुस्ती कधी होणार असं कुणालाही विचारलं, की "होईल की" एवढंच उत्तर मिळे. हे दोन शब्द ऐकले की अजूनही माझं डोकं सणकतं.

मग अशी सोय झाली, की आमच्या बाजूची मोटार आम्हाला काठावर सोडायची. तिथून रेती तुडवत पाण्यापर्यंत जायचं, पाण्यातून पलीकडे निघायचं, पुन्हा रेती, मग चढण, आणि वर दुसरी मोटार उभी असायची. कार्तिक लागला होता. पाणी गुडघ्याएवढं, मधल्या धारेत जरा जास्त, आणि सकाळी असं गार की पाय आपले राहत नसत. शेजारून कापसाच्या गाड्या जायच्या. जिनिंगचा हंगाम काही पुलासाठी थांबत नाही, तेव्हा गाडीवान एका गाडीला चार-चार बैल जुंपून ती रेतीतून ओढत. मी एका हातात चपला, एका हातात पातळाच्या निऱ्या आणि काखेत मुलींच्या वह्या घेऊन त्यांच्या मागून चालत असे. शाळेत पोहोचेपर्यंत मी दिवसभराची बोलणी कुणाला ना कुणाला ऐकवून टाकलेली असत.

खरी लढाई पाण्यात नव्हती, ती वरच्या मोटारीत होती. आमच्याकडे मोटारीत जागा धरायची पद्धत साधी. खिडकीतून आपलं उपरणं, टोपी, काहीही आत टाकायचं. ज्याचं फडकं, त्याची जागा. या कायद्यापुढे कंडक्टरचंही काही चालत नसे. पूल चालू असताना हे ठीक होतं, पण आता ज्याचे पाय तरणे तो आधी चढण चढायचा आणि खिडकीतून फडकी फेकायचा. बायका, म्हातारे आणि ओझंवाले पोहोचेपर्यंत मोटार उपरण्यांनी भरलेली. पहिल्याच आठवड्यात मी एकाचं उपरणं उचलून बाहेर टाकलं आणि त्याच्या जागेवर बसले. फार बोलाबोली झाली. आमच्याच गावचे एक मारवाडी शेठ, ज्यांचं जळगावात कापडाचं दुकान होतं, ते मधे पडले म्हणून मिटलं. मिटलं म्हणजे मी उठले नाही.

त्या मोटारीत सगळ्यात शेवटी चढायचे ते आबा. आमच्या गावापासून थोड्या अंतरावर त्यांचं शेत. साठीच्या पुढचे, एका गुडघ्यात खोट, अंगात बंडी, डोक्याला पागोटं. हातात फडक्यात बांधलेलं एक गाठोडं आणि पितळी तांब्यात दूध. ते कधी कुणाशी जागेवरून भांडले नाहीत. दांडीला धरून उभे राहायचे आणि धोतरातून पाणी ठिबकायचं.

एकदा मी त्यांना विचारलं, रोज कुठे जाता? तेव्हा कळलं. त्यांची बायको, अक्का, जळगावच्या सरकारी दवाखान्यात होती. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. एक डोळा आधीच गेलेला, हा उरलेला. त्या काळी ऑपरेशननंतर दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधून, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून कितीतरी दिवस उताणं निजवत. हलायचं नाही, खोकायचं नाही, चावून खायचं नाही आणि काही झालं तरी रडायचं नाही. डॉक्टरांनी आबांना बजावलं होतं, डोळ्यातून पाणी आलं तर टाके सुटतील आणि मग आमच्या हाती काही नाही.

अक्का दवाखान्यातलं अन्न तोंडात घेत नव्हत्या. दिसत नसताना कोण काय भरवतं आहे कळत नाही, म्हणून घरचं अन्न आणि घरचा हात एवढंच चाले. मुलगी साक्रीकडे दिलेली, तिचा पाय भारी. घरात दोघंच. तेव्हा आबा पहाटे उठून स्वतः भाकरी थापत, म्हशीचं दूध काढत आणि निघत. रात्री शहरात राहावं तर बायकांच्या वॉर्डात पुरुषाला थारा नाही, आणि गोठ्यात जनावरं उपाशी.

मग हळूच म्हणाले, "बाई, पूल बंद शे हाई तिले कळनं ते ती रडी. अन् रडनी ते डोया जाई."

पूल व्हायच्या आधी, अक्का नव्या नवरी असताना, त्यांचा धाकटा भाऊ त्यांना माहेरी न्यायला येत होता आणि गाडीबैलासकट याच नदीत गेला. तेव्हापासून त्यांनी नदीत पाय घातला नव्हता. पूल झाला तेव्हा लोक बघायला गेले, या नारळ घेऊन गेल्या आणि पुलाच्या पहिल्या दगडावर हळदकुंकू वाहून आल्या. अशा बाईला आपला नवरा रोज दोनदा नदीतून येतो हे सांगायचं कसं? त्या दवाखान्यात गेल्या तेव्हा पूल चालू होता. त्यांच्या दृष्टीने तो अजूनही चालूच होता.

मोटारीत ही गोष्ट मी सांगितली. मला गुपित सांभाळता येत नाही, आणि हे सांभाळायला एकटीची ताकद पुरणार नव्हती. दुसऱ्या दिवसापासून एक बदल झाला. ड्रायव्हरच्या बाजूला इंजिनावर पत्र्याचं झाकण असे, ते तापून भट्टी होई. उन्हाळ्यात त्या जागेवर कुणी बसत नसे, पण ओल्या धोतराला तिच्यासारखी जागा नाही. जो पहिला चढण चढेल त्याने आपलं उपरणं तिथे टाकायचं आणि आबा आले की उचलायचं. ठरवलं कुणीच नाही, तरी झालं. मी ज्याचं उपरणं बाहेर फेकलं होतं, तोच या कामात पुढे. शेठजी दुकानातला एक कोरा पंचा घेऊन आले, आबांचे पाय पुसायला. दवाखाना येईपर्यंत धोतर सुकलेलं असे आणि पायांवरची माती झटकलेली.

बायकांच्या वॉर्डात पुरुषाला घरच्या बाईबरोबरच सोडत. आबांच्या घरची बाई खाटेवर होती, त्यांना रोज नर्सच्या विनवण्या कराव्या लागत, म्हणून मी त्यांच्याबरोबर आत जाऊ लागले. शाळा पलीकडच्याच गल्लीत होती. तिथे मला दुसरंच काम लागलं. त्या पिढीत नवरा-बायको चारचौघांत एकमेकांशी बोलत नसत. आबा खाटेच्या कडेला बसून भाकरी दुधात कुस्करत, घास भरवत, तोंड पुसत, पण तोंडातून शब्द काढत नसत. काही विचारायचं तर मला विचारत. "बाई, विचारा तिले, झोप लागनी का." अक्का तशाच पडल्या पडल्या म्हणत, "सांगा त्यासले, लागनी." मधे हातभर अंतर आणि मी पोस्टमन.

त्यामुळे खोटं बोलायचं कामही माझ्याकडेच आलं. पूर्वी आबा ज्या वेळेला येत, त्याच्यापेक्षा आता उशीर होई, आणि अक्कांना दिसत नसलं तरी वेळ कळत होती. आज उशीर का, असं त्या मला विचारत. मला खोटं बोलायला मनापासून आवडत नाही. पण मोटारीत सगळे मिळून कारणं तयार करून देत, अगदी हौसेने. पंक्चर. इंजिनात पाणी संपलं. ड्रायव्हर चहाला उतरला तो परत येईना. रस्त्यात म्हैस आडवी पडली. म्हशीचं कारण शेठजींचं, आणि त्यांना ते इतकं आवडलं होतं, की दुसरं काही न शोधता ते तेच देत.

एकदा अक्का म्हणाल्या, "ती म्हैस रोजच आडवी पडस का, बाई?"

मी म्हटलं, फार माजलेली म्हैस आहे. त्यांच्या ओठांच्या कडा जरा हलल्या. मला वाटलं, पटलं.

नदीकाठी मात्र आबांचं माझं एका गोष्टीवरून रोज वाजायचं. पाण्यात शिरण्याआधी ते रेतीवर बसत, गाठोडं आणि तांब्या शेजारी रेतीवर ठेवत आणि खोट असलेला गुडघा सांभाळत धोतर वर खोचत. मी म्हणायची, द्या इकडे, मी धरते. ते मान हलवत. "मन्हं मी लई जासू." एवढं एक ओझं ते कुणाच्या हाती देत नसत. मी दोन शब्द जास्त बोलायची आणि सोडून द्यायची.

मग एका सकाळी काठावर आलो तर पाणी चढलेलं. वर कुठेतरी अवकाळी पाऊस झाला होता. धार मातकट आणि मांडीच्या वर. गाडीवानांनी गाड्या सोडून दिल्या होत्या. कंडक्टर म्हणाला, आज मागे फिरा. बरेचसे फिरलेही. आबा नेहमीसारखे रेतीवर बसले आणि धोतर खोचू लागले.

मी त्यांना सांगितलं की एक दिवस उपाशी राहिल्याने कुणी मरत नाही. ते म्हणाले, आज आपण गेलो नाही तर तिला संशय येईल, आणि पडल्या पडल्या ती नाही नाही ते मनात आणील. ज्याचं उपरणं मी फेकलं होतं, त्याने ते कमरेचं सोडलं आणि शेजारच्याच्या उपरण्याला गाठ मारली. मग तिसऱ्याने दिलं. शेठजींनी पागोटं उतरवलं, ते केवढंतरी लांब निघालं. त्या दोराला धरून आम्ही सात-आठ जण पाण्यात उतरलो. मी का उतरले, ते मला सांगता येणार नाही. शाळेचं कारण मुळीच नव्हतं. भर धारेत आबांचा गुडघा दुमडला, पुढच्याने त्यांना बंडीला धरून ओढलं, पण डोक्यावरचं गाठोडं पाण्याला लागून आलं. दूध पुष्कळसं सांडलं.

त्या दिवशी इंजिनाने धोतर सुकवलं, भाकरी सुकवता आली नाही. आबांनी तशीच उरलेल्या दुधात कुस्करली आणि भरवली. अक्कांनी सगळं खाल्लं आणि त्या दिवशी उशिराचं कारण विचारलं नाही. मी बाहेर येऊन जिन्यात रडले. पातळ ओलं, वह्या भिजलेल्या, आणि शाळेत मोठ्या बाईंना काय सांगायचं? म्हैस सांगून चाललं नसतं.

त्यानंतर काही दिवसांनी पट्टी सोडली. डॉक्टर, नर्स आणि शेजारच्या खाटांवरच्या बायका, सगळ्यांचे डोळे अक्कांच्या एका डोळ्याकडे. डॉक्टरांनी बोटं दाखवली, त्यांनी बरोबर सांगितली. आबा पायथ्याशी उभे होते. ते सवयीने माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "विचारा तिले, मी दिसस का."

मी विचारायच्या आतच अक्कांनी डोळा त्यांच्याकडे वळवला. तोंडाकडे पाहिलं, मग खाली पायांकडे. धोतर सुकलं होतं, पण काठाला मातीची रेघ होती. ती आम्ही कधी पाहिलीच नव्हती.

"तुम्ही आते नदीमाईन येऊ नका," त्या म्हणाल्या. मला नाही, त्यांना. "रोज दातखाले रेती लागे. माले काय समजत नही का?"

पहिल्या दिवसापासून त्यांना ठाऊक होतं. भाऊ नेलेल्या नदीची रेती त्या रोज घासाबरोबर गिळत होत्या आणि डोळ्याला पाणी येऊ देत नव्हत्या, कारण आपण बोललो तर या माणसाचा एवढा खटाटोप वाया जाईल. आमची पंक्चरं, आमचा चहा, शेठजींची म्हैस, सगळं त्यांनी ऐकून घेतलं होतं.

आबांचा चेहरा पार उतरला. ते पुन्हा माझ्याकडे वळले. "बाई, तिले सांगा..."

"तुम्हीच सांगा," मी म्हटलं. "समोर आहेत."

त्यांनी खाटेची कड धरली. मग बायकोकडे बघून, सगळ्यांदेखत, "बरं," म्हणाले.

अर्थात त्यांनी ऐकलं नाही. अक्कांना अजून काही दिवस तिथेच ठेवणार होते, आणि पुलावरचे बांबू होते तिथेच होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी काठावर उतरले तर आबा पुढे. मी मागून जाऊन नेहमीचं बोलायला तोंड उघडणार होते. ते पाण्याजवळ गेले, पण रेतीवर बसले नाहीत. गाठोडं आणि तांब्या घेऊन माझ्याकडे वळले.

"बाई, हाई धरा जराखं," ते म्हणाले.

मी चपला रेतीत टाकल्या, वह्या शेठजींच्या हातात दिल्या आणि दोन्ही हात पुढे केले.