एका बैलाची जोडी

रामाजीचा चांद्या बैल आषाढात पान लागून मेला. साप चावला म्हणायचं नाही, पान लागलं म्हणायचं. तसं म्हणून काही फरक पडत नाही, बैल जायचा तो गेलाच.

त्या दिवसापासून रामाजीचं तोंड बंद झालं. दुसऱ्या कोणाचं झालं असतं तर वांकिडीपासून दोन कोसांवरच्या त्या गावानं देवाला नारळ फोडला असता. पण रामाजी म्हणजे पोळ्याची झडती. बैलजोडी तोरणाखाली उभी करायची आणि पाटलापासून नव्या मंडल ऑफिसच्या साहेबापर्यंत सगळ्यांची सालटी काढणाऱ्या चार ओळी खणखणीत म्हणायच्या, हे काम वीस वर्षं त्याचंच. एरवी त्याला बाजेवर बस न म्हणणारी माणसंही त्या दिवशी त्याचा टोमणा खाऊन हसायची.

अशात बल्लारशाहून त्याच्या मेहुण्याचा सांगावा आला. लाकडाच्या वखारीत राखणदाराची जागा आहे, पोळा झाला की दोघं निघून या. रामाजीनं लोखंडी पेटी माळ्यावरून काढून पुसून ठेवली.

"एका बैलानं वावर होते काय? राह्यलेल्या मोऱ्याले इकून टाकू," तो बायकोला म्हणाला. "एका बैलाचा पोळाबी नसते."

पंचफुलानं त्या पेटीकडे पाहिलं. बल्लारशाला काय कमी होतं? वीज होती, टॉकीज होती. पण वांकिडीच्या बाजारातली कढईतून काढलेली गरम भजी तिथं कोण देणार? तोंडात तंबाखू धरून सगळ्या गावाची खबर सांगणारी शेजारची बयनाबाई तिथं कुठून आणायची? दिवाळीत गोंडांची दंडारी नाचत गावात आली की रात्रभर पाय दुखेस्तोवर उभं राहून बघायची ती कुठं बघायची? वखारीत काय, ओंडक्यांशी बोलत बसायचं? आपलं गाव सोडायचं नाही, हे तिनं त्याच घटकेला ठरवलं. नवऱ्याला मात्र सांगितलं नाही. तिला नवरा माहीत होता. तोंडावर नाही म्हटलं की तो दुप्पट हो म्हणतो.

"जायचं तर जाऊ," ती म्हणाली. "पन कपाशी गवतात बुडून राह्यली. ते टाकून जाऊ काय?"

पिकाच्या ओळींतलं गवत काढायच्या, डवरणीच्या दिवसांत कोणाची जोडी मोकळी नसते. पंचफुलानं डवरा स्वतःच्या हातात धरला. जुवाच्या उजव्या बाजूला मोऱ्याला जुंपलं आणि डाव्या बाजूला बोट दाखवून म्हणाली, "तुमी तिकडून लागा."

रामाजी लागला. दीड महिना ते दोघं आणि तो बैल कपाशीच्या ओळींतून फिरले. मोऱ्यानं पहिले दोन दिवस शेजाऱ्याकडे तिरक्या डोळ्यानं पाहिलं, मग त्याच्या चालीनं चालायला लागला. बैलाला जी समज असते ती माणसाला असती तर भावाभावांची वावरं फुटली नसती. मागं डवरा दाबत चालताना पंचफुला काहीबाही शब्द जुळवायची आणि मोठ्यानं म्हणायची. नवऱ्यानं हसावं, एवढीच इच्छा. तो हसला नाही. पण कपाशी निघाली.

पोळ्याच्या आदल्या दिवशी दौलत दारात आला. दौलतचं घर दोन घरं पलीकडे आणि जीभ रामाजीइतकीच लांब. जीभ लांब असली तरी मनानं वाईट नव्हता.

"माहा खोंड घेऊन जा रामाजी. मोऱ्याच्या बाजूले उभा कर, जोडी दिसन."

रामाजी काही बोलायच्या आत पंचफुला म्हणाली, "नोको भाऊ. तुमच्या खोंडानं आमचं वावर नाई डवरलं."

संध्याकाळी खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याला त्या दिवशी हळद-लोणी चोळतात आणि बैलाला उद्याच्या जेवणाचं आमंत्रण देतात. पंचफुलानं मोऱ्याचा खांदा चोळला, कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मग वाटी घेऊन ती ओट्यावर बसलेल्या नवऱ्याकडे आली, त्याच्या बंडीची गुंडी काढली आणि डाव्या खांद्यावर लोणी ठेवलं. तिथं चिंचोक्याएवढा काळा घट्टा पडला होता.

"काय करून राह्यली वं?"

"आज आवतन घ्या, उद्या जेवाले या," ती म्हणाली आणि चोळत राहिली. रामाजीनं मान खाली घातली. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते तिनं पाहिलं नाही असं केलं.

दुसऱ्या दिवशी गावाच्या आखरावर, गुरं जमतात त्या मोकळ्या जागी, आंब्याच्या पानांचं तोरण लागलं. रंगवलेली शिंगं, झुली, घुंगरं, ढोल. उद्धवराव पाटलांची मानाची जोडी सगळ्यांत पुढं. ओळीच्या शेवटी मोऱ्या येऊन उभा राहिला. त्याच्या खांद्यावर डवऱ्याचं जू होतं. जुवाची दुसरी बाजू रामाजीच्या खांद्यावर होती आणि मागं कासरा धरून पंचफुला. बायका लांब देवळाच्या पारावर उभ्या राहतात. तोरणाजवळ आलेली ही पहिलीच. ढोल आपोआप थांबला.

"रामाजी, हे काय?" पाटील म्हणाले. "एका बैलाचा पोळा नसते. रीत हाय गावाची."

"एक नाई पाटील, जोडी हाय," पंचफुला म्हणाली. तिनं पदर सावरून कमरेला खोचला. "ज्यानं जू वाह्यलं त्याचा पोळा, हीच रीत ना? मंग दोघाइचे खांदे पाहा."

पाटील पुढं आले. त्यांनी मोऱ्याचा खांदा पाहिला, मग रामाजीचा. बराच वेळ पाहिला. मग बाजूला होऊन म्हणाले, "उभी करा जोडी."

लोकांत हशा झाला, टाळ्या झाल्या, आणि रामाजीला इतक्या दिवसांनी जोर चढला. त्यानं मान वर केली, छाती भरली, झडतीसाठी तोंड उघडलं. तेवढ्यात दौलत ओरडला, "थांब गा! तू तं बैल. बैल कदी झडती म्हनते काय? झडती जोडी हाकनाऱ्याची!"

आखर हसून लोळायचा बाकी राहिला. पण बोलणं बिनतोड होतं. सगळे पंचफुलाकडे पाहायला लागले. पाटलाशी भांडायला ती घरून तयार होऊन आली होती, झडती म्हणायला नाही. एक शब्द आठवेना.

जुवाखालून रामाजी हळूच म्हणाला, "जोडी माही घरची हाय..."

पंचफुला चमकली. ही तर तिचीच ओळ, डवऱ्यामागं म्हटलेली. म्हणजे हा दीड महिना सगळं ऐकत होता! मग तिचा आवाज असा सुटला की पारावरच्या बायकांनाही ऐकू गेला:

"जोडी माही घरची हाय, नाई आनली मांगून,
एक चालते कासऱ्यानं, एक चालते सांगून.
उजवा खाते कडबा-पेंड, डावा मांगते चहा,
दोघाइच्याबी खांद्यावरचा एकच घट्टा पाहा!"

"हर बोला, हर हर महादेव!" आखरावर एकच गजर झाला. सगळ्यांत मोठ्यानं दौलत ओरडला.

परत येताना प्रत्येक घरी बैलाचे पाय धुतले गेले. पाटलांच्या वच्छलाबाईंनी मोऱ्याला ओवाळलं, रामाजीलाही कुंकू लावलं आणि बशीत चहा दिला. तो त्यानं तिथंच उभ्यानं प्याला.

पंचफुला पुढं पळत घरी आली. चुलीवर तवा ठेवला, पोळी लाटायला घेतली. पेटी अजून भिंतीशी तशीच होती. तिकडे तिनं मुद्दाम पाहिलं नाही. बाहेर घुंगरं वाजली. रामाजीनं मोऱ्याला खुंट्याशी बांधलं आणि चौकटीत येऊन उभा राहिला.

"काल आवतन देल्लं होतं," तो म्हणाला. "आलो जेवाले."

"जेवून बल्लारशाले जाता का काय?" तिनं पोळी उलटत विचारलं.

"बैल कदी आपल्या मनानं जाते काय वं? हाकनाऱ्यानं सांगाव."

पंचफुलानं पहिली पोळी मोऱ्याला नेऊन चारली. मग आत येऊन पेटी उचलली आणि परत माळ्यावर ठेवली.