काळ्या रंगाखालचा तडा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायको गेली, तिलाही नाही. तुमचा-माझा चेहरा एकमेकांना दिसत नाही – म्हणून तर सांगवतंय का, कोण जाणे.

पन्नास सालानंतरची ती वर्षं. पिंपरीत, मुंबई-पुणे रस्त्याला एका गॅरेजात मी रंगारी होतो. कराडकडून आलेला. हात चांगला होता – आणि त्याचा तोरा त्याहून मोठा.

चाकणच्या एका वकिलांची जुनी विलायती मोटार आली. स्टिअरिंगचा दांडा गंजलेला, रंगाचे पोपडे निघालेले. तो सोडवून, घासून नव्यासारखा करायचा होता. स्टिअरिंगचं चाक दांड्यावर जाम बसलंय, मी येईपर्यंत हात लावू नकोस, असं सांगून मिस्त्री पुण्याला सामान आणायला गेले. मला कुठला धीर? हातोडा घातला. चाक निघालं, पण दांडा वाकला. तापवून सरळ करायला गेलो, तर खालच्या अंगाला तडा गेला – केसाएवढा.

मिस्त्री रागावले असते, एवढंच ना? तेवढ्यासाठी मी त्या तड्यात लांबी – रंगाआधी भेगा बुजवायचा लगदा – भरली, घासली, वर काळा रंग चढवला. तोंड दिसावं असा चकचकीत.

मोटार चालवायचे आण्णा. चाकणजवळच्या शेतकरी घरातले. येताना माझ्यासाठी घरची भाकरी आणायचे. थोड्या दिवसांनी ते परत आले. चाक फिरवलं की खाली कटकन वाजतंय, बघतोस का, म्हणाले. मी वाकलो, बघितल्यासारखं केलं, आणि नवा रंग आहे, बसेल हळूहळू, असं सांगितलं. तेव्हा तरी बोलता आलं असतं – नाही का?

मोशीच्या उतारावर मोटार चिंचेला धडकली. मागे बसलेल्या वकिलीणबाई जागीच गेल्या. मोडकी मोटार आमच्याकडेच ओढून आणली. दांडा तड्यातच तुटला होता. झाडावर आपटून तुटला, असं मिस्त्री म्हणाले. मी मान हलवली.

आण्णा पाय मोडून दवाखान्यात पडले होते. अपघाताच्या आदल्या रात्री उसाला पाणी धरायला जागलेले. मी बघायला गेलो, तेव्हा त्यांनी माझा हात धरला.

"चाक वळवल्यालं आठवतंय, पन गाडी वळलीच न्हाई. आसं कसं हुईल? माझाच डोळा लागला आसंल. व्हय ना रं?"

ते मला विचारत होते – मला.

"व्हय आण्णा," मी म्हणालो. "लागला आसंल."

आण्णांनी मग तेच पोलिसांना सांगितलं, वकिलांना सांगितलं. शिक्षा भोगली. पुन्हा मोटारीला हात लावला नाही. माझ्या झोपेनं एका घरची आई गेली, असं पोरांना सांगत म्हातारे झाले.

ते गेले तेव्हा मी चाकणला गेलो होतो. तिरडी उचलायच्या वेळी थोरल्या मुलानं मला पुढं बोलावलं. बाबांचे सगळ्यात जवळचे तुम्हीच, म्हणाला.

मी पुढं झालो. खांदा दिला.