पोटाशी उशी

सोफे दुरुस्त करण्यात अर्धं आयुष्य घालवल्यामुळे त्यांना गल्लीत सगळे सोफेवालेच म्हणत. बायकोसुद्धा रागावली की तेच म्हणे. त्यांचं दुकान म्हणजे एक लांबट खोली. दाराशी पोट फाडलेले सोफे, मागच्या भिंतीला कापडाचे तागे, आणि सोफेवाल्यांच्या तोंडात कायम दोन-चार बारीक खिळे. गिऱ्हाइकाशी बोलताना ते खिळे गालात सरकवायचे आणि बोलणं संपलं की पुन्हा ओठांत आणायचे.

पंचेचाळिशी उलटली आणि त्यांचं पोट सुटलं, गुडघे कुरकुरायला लागले. तेव्हा शेजारच्या सलूनवाल्याने त्यांना सायकलवर बसवलं. हा त्यांचा शाळेपासूनचा मित्र. दर रविवारी सकाळी तो चार-पाच जणांना घेऊन तलावापर्यंत सायकलने जायचा. सोफेवाले आधी त्याच्या कटकटीला कंटाळून गेले, मग आवडीने गेले आणि मग असे नादी लागले की शनिवारी साखळीला तेल घालतानाच गुणगुणायला लागायचे. तलावाच्या अलीकडे एक चढ होता. तो सगळ्यांच्या आधी चढून वर उभं राहायचं आणि मागून येणाऱ्यांना ‘या, या, सावकाश या’ म्हणायचं, यात त्यांना भारी सुख.

त्याच चढावरून परत उतरताना एका रविवारी कुत्रं आडवं आलं. सोफेवाल्यांनी ब्रेक दाबला, कुत्रं सहीसलामत निघून गेलं, पण हँडल गर्रकन फिरलं आणि त्याचं टोक जांघेच्या जरा वर, ओटीपोटात घुसलं. डोळ्यांपुढे काजवे चमकले.

मागून सलूनवाला आला. “लागलं का रे?”

“छे! कुत्र्याला विचार.”

घरी येऊन पाहिलं तर तळहाताएवढा भाग काळानिळा पडलेला. बायकोला सांगितलं तर सायकल बंद होणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून ही गोष्ट त्यांनी पोटातच ठेवली. काळंनिळं गेलं, पण काही आठवड्यांनी खोकताना तिथे लिंबाएवढा फुगवटा हाताला लागू लागला. आडवं झालं की तो गुपचूप आत जायचा. आपणहून जातोय ना, मग काळजी कसली, असं त्यांनी स्वतःला समजावलं. तरी सायकल चालवताना दुखायचं. मग त्यांनी हँडल उंच केलं, सीट उसवली, मधला फोम कापून तिथे मऊ थर भरला आणि सुरेख शिवून टाकली. दुखणं पोटात आणि इलाज सीटवर.

व्हायचं ते शेवटी चढावरच झालं. सगळ्यांच्या पुढे जायचं म्हणून सोफेवाले पायडलवर उभे राहिले आणि आत काहीतरी चर्रकन ओढल्यासारखं झालं. ते कसेबसे उतरले, पण कंबर सरळ होईना. सलूनवाल्याने भाजीचा टेम्पो थांबवला आणि त्यांना कोबीच्या पोत्यांशेजारी बसवून घरी आणलं.

बायको पाळणाघर चालवायची. पडलेली, धडपडलेली पोरं बघून तिची नजर इतकी तयार झाली होती की दार उघडताच तिने विचारलं, “कुठे दुखतंय?”

“काही नाही गं, जरा लचक भरलीये.”

“दाखवा.”

“अगं, टेम्पोवाला उभाय!”

“मग आत चला. पण दाखवा.”

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी तपासलं, खोकायला लावलं आणि विचारलं, “हे किती दिवस अंगावर काढलंत?” सोफेवाले छताच्या पंख्याकडे बघत राहिले. “हर्निया आहे. तुमच्याच कामातलं सांगते. वरचं कापड शाबूत आहे, आतलं अस्तर फाटलंय. त्यातून भराव बाहेर येतोय. ऑपरेशन करून आतून जाळी लावावी लागेल.”

हे सोफेवाल्यांना एका दमात कळलं. बायकोने त्यांच्याकडे बघून घेतलं आणि म्हणाली, “लावा जाळी. डास तरी शिरायचे नाहीत.”

डॉक्टरबाई हसल्या. सोफेवाल्यांना मात्र एकच विचारायचं होतं. “सायकल?”

“चालवाल की. आधी पायी फिरायचं, मग मी सांगेन तेव्हा सपाट रस्त्यावर. आणि सोफे उचलायचे नाहीत.”

ऑपरेशन नीट पार पडलं. पण घरी आल्यावर सोफेवाल्यांना पहिल्यांदा कळलं की माणूस प्रत्येक गोष्ट पोटाने करतो. उठायचं पोटाने, खोकायचं पोटाने, शिंकायचं तर विचारूच नका. बायकोने एक छोटी उशी दिली. खोकला आला की ती पोटाशी दाबून धरायची. दुकानात ते बसून शिवण्याचं काम करू लागले आणि सोफा हलवायचा असला की सलूनवाला अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक तसंच ठेवून धावत यायचा.

दिवस निघायचे, रविवार निघायचा नाही. सकाळी खालून सायकलींच्या घंट्या वाजत गेल्या की सोफेवाले भिंतीकडे तोंड करून पडायचे. पुन्हा जमेल की नाही, हे त्यांनी कुणाला बोलून दाखवलं नाही. पण बायकोला दिसत होतं.

अशाच एका रविवारी ती म्हणाली, “सायकल नुसती उभी आहे. मला शिकवा.”

“या वयात?”

“तुम्ही कुठल्या वयात सुरू केलीत?”

“मला लहानपणी येत होती गं.”

“मला नव्हती येत. दादा शिकत होता तेव्हा मी त्याच्या चपला सांभाळत होते. पुढे राहूनच गेलं. तुम्ही दर रविवारी जायचात, मी खिडकीतून बघायचे. ‘येतेस का’ म्हणून विचारलंत कधी?”

सोफेवाले उठले आणि पाना शोधायला लागले.

सीट इतकी खाली केली की तिचे दोन्ही पाय जमिनीला टेकतील. शाळेचं मैदान रविवारी मोकळं असे. पण शिकवणाऱ्याला मागून सीट धरायची बंदी, धावायची बंदी. मग सोफेवाले कडेला स्टुलावर, पोटाशी उशी घेऊन बसले आणि नुसत्या तोंडाने शिकवू लागले.

“आधी पायाने ढकलत ये. हां. आता पाय उचल. चाकाकडे नको बघू, समोर बघ!”

“समोर भिंत आहे!”

“मग भिंतीकडे नको बघू!”

“अहो, मग बघू कुठे?”

तोवर ती भिंतीलगतच्या झुडपात शिरली होती. पानांतून तिचं डोकं बाहेर आलं आणि सोफेवाल्यांना हसू आवरेना. पोट धरून हसायची वेळ आणि पोट तर धरवत नव्हतं. ते उशी दाबून “आई गं, आई गं” म्हणत हसत होते.

“हसू नका, टाके उसवतील!” ती झुडपातूनच ओरडली आणि स्वतःच खो-खो हसत सुटली.

पुढच्या खेपेला सलूनवाला मदतीला आला, पण तिने त्याला पिटाळलं. “तुम्ही धरलंत की मी सगळा भार तुमच्यावरच टाकते, भाऊजी. मला यांचा आवाजच बरा.”

खरंच आवाजावर शिकली ती. एका सकाळी ‘समोर बघ’ म्हणायच्या आतच तिने समोर पाहिलं, पाय उचलले आणि मैदानाला वळसा घालून स्टुलासमोरून निघून गेली. तिला थांबता मात्र येत नव्हतं, त्यामुळे तिने आणखी दोन फेऱ्या मारल्या. सोफेवाले स्टुलावरून उठून उभे होते. उशी कधी खाली पडली, त्यांना कळलंच नाही.

परगावी नोकरी करणाऱ्या लेकीचा त्या संध्याकाळी फोन आला. “बाबा, आई सायकल चालवते? तुम्ही बघितलंत?”

“बघितलं म्हणजे काय, माझ्यासमोरून गेली. ओळखसुद्धा दाखवली नाही.”

डॉक्टरबाईंनी परवानगी दिली तेव्हा सलूनवाल्याने आपल्या बहिणीची धूळ खात पडलेली सायकल आणून दिली. नवरा-बायको दोघं तलावाकडे निघाले. पहिलं पायडल सोफेवाल्यांनी एक हात पोटावर ठेवूनच मारलं. मग सपाट रस्त्यावर पाय हळूहळू लयीत फिरू लागले. ओढ नाही, कळ नाही. वारा तोंडावर येत होता. बायको पुढे होती आणि कुणी नसलं तरी घंटी वाजवत होती.

चढाच्या पायथ्याशी सोफेवाले उतरले. पूर्वी हातात सायकल धरून चालणाऱ्यांची त्यांना कीव यायची. बायकोने मागे पाहिलं.

“मी जाऊ पुढे? वर चहाच्या टपरीवर थांबते.”

“जा. ‘सावकाश या’ म्हण फक्त.”

“सावकाश या!” म्हणून ती धापा टाकत गेलीसुद्धा.

सोफेवाले चालू लागले. इतकी वर्षं हा रस्ता त्यांनी फक्त पुढच्या चाकापुरता पाहिला होता. आता त्यांना कडेची घरं दिसली, वाळत घातलेल्या चादरी दिसल्या, आणि एका अंगणात वेताच्या खुर्चीवर बसलेले आजोबा दिसले. खुर्ची मध्ये इतकी खचली होती की आजोबांचे गुडघे हनुवटीला टेकायचे बाकी होते. सोफेवाल्यांना राहवेना. त्यांनी सायकल कुंपणाला टेकवली. आजोबांना गप्पांना माणूस हवाच होता.

बऱ्याच वेळाने बायको उतरत खाली आली तर नवरा उकिडवा बसून खुर्चीच्या खाली डोकावत होता आणि आजोबा उभे राहून त्याला खुर्चीचं दुखणं समजावत होते.

“अहो! मी तिकडे चहा सांगून बसलेय आणि तुम्ही इथे?”

“वेत चांगला आहे गं अजून. नुसती बैठक गेलीये.”

“चहा गार झाला असेल. आणि मला आता हा चढ पुन्हा चढायचा!”

“चढू नकोस. चालत जाऊ.”

आजोबांना दुकानाचा पत्ता सांगून दोघं वर टपरीकडे निघाले. ती टपरीवाल्याच्या बिस्किटांबद्दल सांगत होती, सायकली दोघांच्या मधून टिकटिकत चालल्या होत्या आणि सोफेवाल्यांना कुठलीच घाई नव्हती.