ग्रहणाचे डाग

माझी पहिली पोरगी चार दिवस जगली. अंगभर जांभळे ठिपके होते, मग मेंदूत रक्तस्राव झाला. सासूबाईंनी आमच्या आंधळगावभर सांगून टाकलं, "ग्रहणात वांगे चिरले इनं. पोरीवर डाग पडनारच न!"

चिरली होती मी वांगी. पोटुशी होते, भूक लागली होती, ग्रहणाचं ध्यानातच राहिलं नाही. म्हणून वर्षभर मुकाट ऐकून घेतलं. बाया माझ्या हातांकडे बघायच्या. नवराही तोंड उघडेना. तेव्हाच मनाशी ठरवलं, या बाईला एक दिवस चारचौघींत हे शब्द परत घ्यायला लावीन.

पुन्हा दिवस राहिले तशी हट्टानं नागपूर गाठलं. डॉक्टरबाईंनी आम्हा दोघांचं रक्त तपासलं. रक्त थांबवणाऱ्या प्लेटलेट असतात ना, त्यांच्यावरची एक खूण पोरीला बापाकडून आली होती. माझ्यात ती खूणच नाही. माझ्या शरीराला ती परकी वाटली, आणि त्यानं पोटातल्या पोरीच्या प्लेटलेट मारल्या.

"दोष कोणाचाच नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण शरीर एकदा ओळखलेलं विसरत नाही. या बाळालाही धोका आहे."

म्हटलं, मी तरी कुठे विसरलेय!

मग दर आठवड्याला नागपूर. बाळाच्या प्लेटलेट वाचवायला तासन्‌तास सलाईनमधून औषध, डोकं फुटेस्तोवर दुखायचं. सासूबाईंचं आपलं एकच, "ग्रहण पाळलं असतं त हे कायले करा लागलं असतं?" पोरगा झाला. प्लेटलेट कमी होत्या, पण जुळणाऱ्या तयार ठेवल्या होत्या, त्या चढवल्या. वाचला बाई एकदाचा!

बारशाला घर भरलं. पाळण्यात घालायचा मान आजीचा. सासूबाई नवं लुगडं नेसून हात पसरून उभ्या राहिल्या. मी पोराला सोडलं नाही. सासूबाईंना म्हटलं,

"आत्याबाई, आधी सगळ्यायले सांगा. पोरगी काहून गेली?"

"अवो, आज कायले ते?"

"आजच."

"ग्रहणानं नाही गेली," त्या पुटपुटल्या.

"मोठ्यानं सांगा. तवा सांगितलं होतं तसं."

त्यांनी मोठ्यानं सांगितलं. डोळे भरून आले त्यांचे. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू!

"आता त दे नातवाले," त्या म्हणाल्या.

"पोरगी चार दिवस होती, आत्याबाई. तिले एकदा तरी घेतलं होतं काय?"

त्यांचे हात तसेच पसरलेले राहिले. पोराला मी माझ्या आईकडे दिलं.