रोहिणीचा राहिलेला भूगोल

माझी बायको रोहिणी चौतिसाव्या वर्षी बारावीला बसली, तवा आमची ऊसतोडीची सगळी टोळी हसली. "आता कलेक्टर हुतीस व्हय गं?" बनुबाई म्हणायची. आमी पाथर्डीकडचे. दसरा झाला की श्रीरामपूरच्या बाजूला ऊस तोडायला येतो. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. त्यातलं एक मानूस बाजूला झालं की मुकादमाच्या लेखी कोयताच मोडला. आन् हिला म्हणं शिकायचंय!

शाळेत जायचं न्हाई, मुक्त विद्यालयाची पुस्तकं पोस्टानं घरी येत्यात. मी म्हणलं, घरबसल्या हाय, मंग सोपंच की. कसलं सोपं, डोंबलाचं! घरी बसतंय कोन? ऊस सोलता सोलता ही पाठ करायची, "काळ्या मातीत ओल टिकून राहते." म्हणलं, "बाई, जन्म गेला माझा त्या मातीत." हसायची. बाकीचे विषय निघाले, भूगोल तेवढा राहिला. तो निघाला असता तर उन्हाळ्यात गावच्या अंगणवाडीत मदतनीस म्हणून अर्ज करता येनार हुता. हातातला कोयता कायमचा सुटला असता.

पेपर सकाळी अकरा वाजता, श्रीरामपुरात. नेमका त्याच दिवशी पहाटे तीनला ट्रॅक्टर फडात येऊन उभा राहिला. मुकादम भागवत म्हणला, "बिभीषण, आधी पोटोबा, मंग इठोबा. गाडी भरू दे, मंग जाऊ दे तिला." मी भांडायला पायजे हुतं. न्हाई भांडलो. उलट मीच तिला म्हणलं, "एवढी गाडी भर आन् जा." नऊपर्यंत तिनं डोक्यावर मोळ्या वाहिल्या. मंग हातपाय धुतले, साडी बदलली आन् उपाशीच एसटी गाठली.

सांजच्याला आली ती थेट चूल पेटवायला बसली. विचारलं, "अवघड हुता का?"

"सोपा हुता. सगळं येत हुतं."

"मंग?"

"दोन प्रश्न लिहिले आन् डोळा लागला. जाग आली तवा धाच मिनिटं राहिली हुती. वर्गावरच्या बाई म्हणल्या, लई दमलेली दिसलीस, उठवायचं जिवावर आलं."

मला त्या बाईचा राग आला, भागवतचा आला आन् खरं सांगू का, सगळ्यात जास्त माझाच आला. अंगणवाडीची जागा आमच्यासाठी थांबनार न्हवती, हे दोघांनाबी ठाऊक हुतं. तरी म्हणलं, "परत फॉर्म भरू. आनखी पुस्तकं लागली तर आनू."

"पुस्तकं हायेत," ती म्हणली. "आदल्या रात्री मला झोपू द्या."